सीतालक्ष्मीचा पाटा-वरवंटा

कुंभकोणम् गावाला स्वतःचा म्हणावा असा एकही दगड नाही. हसू नका, खरंच सांगतो. देवळं बघाल तर सगळी दगडाची, एकेक खांब कवेत न मावणारा. पण तो दगड दूरवरून गाड्यांवर घालून आणलेला. गावाच्या पोटात नुसता कावेरीचा गाळ. बोअर मारा, खाली वाळू, मग चिकणमाती, मग पुन्हा वाळू. आणि अशा गावात जन्मलेल्या सीतालक्ष्मीने आयुष्यभर काय शिकवलं, तर दगड! पहिली टेकडी तिने पाहिली ती कॉलेजला तिरुचीला गेल्यावर. तोंड उघडं टाकून बघत राहिली, आणि तिथेच काय ते ठरलं.

आता तिचं वय अडुसष्ट. अंगाने काटकुळी, जिभेने फटकळ. तिरुचीच्या एका कॉलेजात पोरींना भूशास्त्र शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि निवृत्त झाल्यावर थोरल्या भावाकडे, अप्पाजीकडे, कुंभकोणम्ला परत आली. अप्पाजी पोस्टातला. बायको आधीच गेलेली, मुलगा हरिकृष्ण चेन्नईला. मोठ्या बसस्टँडमागे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं बिऱ्हाड. तिथे ही दोन म्हातारी भावंडं दिवसभर भांडत. कॉफी पाणचट झाली म्हणून भांडत, पंखा कमी-जास्त केला म्हणून भांडत. पण भांडत ती मराठीत.

तीही मराठी कसली, तर साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरकडे आली आणि तिथेच अडकून पडली ती. निम्मे शब्द तमिळ, उरलेले पणजोबांच्या वेळचे. एकदा एका परिषदेत पुण्याच्या कुणी बाई भेटल्या. सीतालक्ष्मीचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "अय्या, तुम्ही पोथीतल्यासारखं बोलता!" सीतालक्ष्मीला ते असं झोंबलं की परिषदेत उरलेले दिवस ती इंग्रजीतच बोलली.

मग अप्पाजी गेला. सकाळी कॉफीला नावं ठेवली आणि दुपारी गेला. त्याला आता दीड वर्ष झालं. त्याच्याबरोबर घरातली बोलीच गेली. भाजीवाल्याशी तमिळ, डॉक्टरशी तमिळ, शेजारच्या सौंदर्याशी तमिळ. सौंदर्या गुणाची, रोज दारातून हाक मारून विचारपूस करायची. पण दार लावलं की झालं. देवापुढे सीतालक्ष्मी मराठीत पुटपुटायची तेवढंच. देव काही उलट बोलत नाही, आणि हिला उलट बोलणारंच माणूस हवं होतं. फार एकटी पडली होती ती. तिला विचारलं असतंत तर "छे, मला काय झालंय" म्हणाली असती, ती गोष्ट वेगळी.

घरात जुनं म्हणावं असं एकच होतं, पाटा-वरवंटा. या घराण्यात तो पाटा म्हणजे दैवतच. मूळ पुरुष साताऱ्याकडून निघाला तेव्हा हा पाटा बैलावर लादून आणला, अशी कथा. लग्नात नवरी उजवा पाय याच पाट्यावर ठेवते, भटजी सांगतात, या दगडासारखी स्थिर हो, आणि नवरा तिच्या बोटांत जोडवी घालतो. घरातल्या सगळ्या सुना-लेकी त्याच्यावर उभ्या राहून गेल्या. सीतालक्ष्मीचा मात्र त्याला कधी पाय लागला नाही. तिने त्याच्यावर चटणी वाटली.

आणि पाटा साताऱ्याचा नाही, हे तिला विशीच्या आतच कळलं होतं. कॉलेजच्या पहिल्याच सुट्टीत घरी आली, पाटा धुतला, आणि जेवताना वडिलांना सांगून मोकळी झाली. "अप्पा, सातारचा दगड काळा, एकजिनसी. लाव्हा थिजून झालेला. ह्यांत तर पांढरेकाळे पट्टे आहेंत. हा तिरुची-पुदुक्कोट्टैकडचा." वडिलांनी ताक ओरपलं आणि उठून हात धुतले. पण येईल त्या पाहुण्याला पाट्याची कथा सांगणारा तो माणूस, त्या दिवसापासून त्याने ती कथा कधी काढली नाही. सीतालक्ष्मीने मनाशी कानाला खडा लावला. पुढे अप्पाजी तीच कथा सांगायला लागला तेव्हा ती निमूट चटणी वाटत राहिली.

वरवंट्याकडे मात्र तिने कधी पाहिलंच नाही. आता काय म्हणावं! वर्गात पोरींना ओरडून सांगणारी बाई, की एका ढिगातले दोन धोंडे एकाच घरचे समजू नका, प्रत्येक धोंडा हातात घेऊन बघा. तिने स्वतः पाट्याचा निकाल लावला आणि वरवंटाही त्यातलाच धरून चालली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदी-तेलाने तो इतका मेणचट झाला होता की दगड आहे हेच मुळी दिसत नव्हतं.

अप्पाजीला जाऊन काही महिने झाले होते. नारळ-मिरची वाटताना वरवंटा हातातून निसटला, फरशीवर आपटला आणि टोकाचा एक टवका उडाला. सीतालक्ष्मीने स्वतःला चार शिव्या घातल्या आणि टवका उचलला. मोडलेली कड ताजी होती. दगड खरा बोलतो तो ताज्या कडेवरच. कड काळी कुळकुळीत, कण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक, आणि मधे मधे बदामाच्या आकाराचे पांढरे ठिपके. तिने भिंग आणलं. लाव्हारस थिजताना त्यात वाफेचे बुडबुडे राहतात, आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरतात. हे ठिपके ते होते. असा दगड तमिळनाडूत तिने कुठे पाहिला नव्हता. हा सह्याद्रीकडचा!

म्हणजे कथा खरी होती, फक्त धोंडा चुकला होता. अहो, एवढ्या लांब चालत येणारा माणूस पाटा कशाला लादून आणेल? पाटा कुठेही मिळतो, झिजला की दुसरा. हातातला वरवंटा मात्र गाठोड्यात मावतो. कुणीतरी बाईनेच आणला असणार.

"अप्पाजी! अरे अप्पाजी, इकडे ये, बघ!" ती मोठ्याने ओरडली आणि उठलीसुद्धा. दारापर्यंत गेल्यावर तिला आठवलं. मग टवका मुठीत धरून ती उंबऱ्यातच खाली बसली आणि रडली. अप्पाजी गेला तेव्हा ती इतकी रडली नव्हती.

त्यानंतर तो वरवंटाच तिचा सोबती झाला. खोटं कशाला बोलू, ती त्याच्याशी बोलायची. वाटून झालं की स्वच्छ धुऊन खिडकीत उभा करायची आणि म्हणायची, "बस हो तिथें, वारा खा." पूर्वी हरिकृष्णाच्या बारशाला, बाळाच्या आधी पाळण्यात घालतात तो हाच वरवंटा कुंची घालून तिने पाळण्याखालून वहिनीच्या हातात दिला होता. तेव्हा बाळाकडे सगळ्यांनी पाहिलं. वरवंट्याकडे कोण बघतो!

वर्षश्राद्ध झालं आणि हरिकृष्णाचा फोन आला. त्याच्या लेकीचं, श्रीविद्याचं लग्न ठरलं होतं, आणि ते कुंभकोणम्लाच करायचं म्हणत होता. माणूस मनाचा चांगला, पण आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागायचा. "आणि आत्या, लग्न झालं की पाटा-वरवंटा मी चेन्नईला नेणार. नव्या फ्लॅटमध्ये दाराशीच काचेची पेटी करतोय, आत दिवा. आपल्या पूर्वजांनी महाराष्ट्रातून आणलेला, म्हणून खाली पितळेची पाटी! तुम्हाला तरी आता काय उपयोग? मिक्सर घेऊन देतो की नवा."

सीतालक्ष्मी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. पाटा गेला तर जाऊ दे, पण वरवंटा? पाटा साताऱ्याचा नाही असं एक वाक्य बोललं तर हरिकृष्ण पेटीबिटी विसरून जाईल, दोन्ही इथेच राहतील. पण मग वरवंट्याचं काय सांगायचं? खरं सांगावं तर तो नक्कीच काचेत जाऊन बसणार. आणि न सांगावं, तर जन्मात एकच शोध लागला, तो कुणाला कळायचाच नाही. असे दोन महिने तिने घोळवले.

लग्नाच्या आदल्या दुपारी श्रीविद्या एकटीच आली. कोपरापर्यंत मेंदी, दोन्ही हात हवेत धरलेले. बंगळुरूला नोकरी करणारी मुलगी. आई तमिळ, बोलणं तमिळ, मराठी कानावर पडली ती आजोबांकडून, सुट्टीत. सीतालक्ष्मीला ती अत्तैपाट्टी म्हणायची, म्हणजे आत्याआजी.

"अत्तैपाट्टी, उद्या ज्यावर उभं राहायचं तो दगड आधी बघायचाय," ती तमिळमध्ये म्हणाली, आणि स्वयंपाकघरात फतकल मारून बसली. मग जरा अडखळत, मराठीत म्हणाली, "हे दगड खरंच महाराष्ट्रातून आला? तुम्ही तर जिऑलॉजी शिकवलं. खरं सांगा."

बघा, त्या घरात आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. कथा सगळ्यांनी सांगितली, विचारलं कुणी नाही. आणि विचारलं तेही मराठीत! सीतालक्ष्मी उठली, तांब्याभर पाणी पाट्यावर ओतलं. ओला झाल्यावर पट्टे उठून दिसले, काळे-पांढरे, आणि सरळ नव्हेत, नागमोडी.

"नाहीं गे, हा इथला. तिरुचीकडचा. हे वाकलेलें दिसतें? ह्याला वळ्या म्हणतात. एके काळीं हे पट्टे सरळ होते."

"दगड वाकतो? तुटत नाही?" श्रीविद्या पुन्हा तमिळवर आली.

"चिक्की खातेंस की नाहीं? गार चिक्की वाकवलीस तर काय होतें?"

"तुटते."

"आणि कढईंतून काढल्या काढल्या?"

"वाकते."

"तसेंच. हा जमिनीखालीं खोल होता, तापलेला. दोन्ही बाजूंनीं दाबला, हळूहळू, लाखो वर्षें. मग वाकला. वर असता, गार असता, तर मोडला असता. आणि भटजी उद्या तुला सांगतील, ह्या दगडासारखी स्थिर हो! अगो, ह्याला तर कणकेसारखा मळलाय!"

श्रीविद्या खळखळून हसली. मग पाट्यावर वाकून बघायला लागली. मेंदीमुळे हात लावता येईना, म्हणून नाक जवळजवळ टेकवलंच. "ही पांढरी रेघ? ही तर वाकलेली नाही. सगळ्यांना आडवी कापत गेलीय."

"शाबास! मग आधीं कोण, नंतर कोण?"

मुलीने विचार केला. "वळ्या आधी. रेघ नंतर. कापायला आधी काहीतरी असावं लागतं ना."

सीतालक्ष्मीने किती पोरींना हे शिकवलं होतं. पण इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. मग काय, सुटलीच. वय नुसतं बघून कळत नाही, आधी-नंतर तेवढं कळतं. वर्षं मोजायची तर दगड कुटून चूर करायचा, आतले बारीक कण वेचायचे, त्यात युरेनियमचं किती शिसं झालं ते बघायचं. त्या भागातले काही दगड अडीचशे कोटी वर्षांचे. पण पुढे ते पुन्हा तापले, आणि तापले की कित्येक कणांतलं घड्याळ पहिल्यापासून चालू होतं. म्हणून दगडाला जन्मसाल विचारू नये, शेवटचा कधी निवला ते विचारावं. कॉफी गार झाली तरी दोघींना भान नव्हतं.

"मग," श्रीविद्या म्हणाली, "तिकडून काय आलं? आपलं असं काहीच नाही आलं?"

वरवंटा समोर खिडकीत उभा होता. मोडकी कड खोलीकडेच. ही मुलगी आता वडिलांना सांगणार, आणि उद्या पेटीत दिवा लागणार. सीतालक्ष्मीने मान वळवली. "नाहीं गे. कांहीं नाहीं आलें."

दगडाबद्दल ती जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली. मुलीचा चेहरा पडला. "बरं," ती म्हणाली, आणि हात तसेच हवेत धरून निघून गेली.

लग्नाला पाटा हॉलवर नेला होता. सगळ्या सवाष्णी नवरीभोवती, आणि सीतालक्ष्मी मागे, खुर्च्यांच्या रांगेपाशी. तिला पुढे या कुणी म्हटलं नाही, आणि म्हणतील अशी तिची अपेक्षाही नव्हती. भटजींनी मंत्र म्हटला, श्रीविद्याने उजवा पाय पाट्यावर ठेवला. आणि जोडवी घालायला नवरा वाकला तेवढ्यात त्या मुलीने पायाचा अंगठा वळीवरून हळूच फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान वर केली आणि गर्दीतून सीतालक्ष्मीला शोधलं. सीतालक्ष्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणावळीत हरिकृष्ण तिच्याजवळ आला. "काय आत्या, श्रीविद्या म्हणते पाटा इथलाच? इतकी वर्षं फुकट मिरवला की आम्ही! जाऊ द्या, राहू दे तुमच्याकडेच. नाहीतरी त्या सुताराने पेटीचे काय वाटेल ते सांगितले होते." एवढं बोलून तो पायसम कमी पडतंय का बघायला गेला. झालं! पाटा राहिला, वरवंटा राहिला, सगळं हिच्या मनासारखं झालं. पण त्या दिवशी तिला घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-नवरी पाया पडायला आली. खाली गाडी उभी, बंगळुरूला जायचं. श्रीविद्याने वाकून नमस्कार केला आणि जुळवून जुळवून, बहुधा पाठ करून आलेली वाक्यं मराठीत म्हणाली, "अत्तैपाट्टी, मी रात्री विचार केला. दगड नाही आलं तर नाही. बोलणं तर आलं ना? आजोबा गेले, आता तुमच्याकडे आहे. मला शिकवा. रविवारी फोन करते."

सीतालक्ष्मी एकदम वळली, आत गेली, खिडकीतला वरवंटा उचलला. पदर पुरेना म्हणून पंच्यात गुंडाळला, अप्पाजीच्या. बाहेर आली आणि मुलीच्या ओंजळीत ठेवला. वजनाने मुलीचे हात खाली गेले.

"खोटें बोललें मी तुझ्याशीं," ती म्हणाली. "हा आला. पाटा नव्हे, हा. कड बघ, बदाम दिसतील. साडेसहा कोटी वर्षांचा असेल. मोजून बघायचा तर फोडावा लागेल, तो फोडूं नकोस. आणि तुझ्या बापाला काचेंत घालायला देऊं नकोस, दगडाला कसली काच!"

"पण मग तुम्हाला?"

"मला मिक्सर आहे," सीतालक्ष्मी खेकसली. "जा आतां, गाडीवाला शंख करतोय."

गाडी वळणावरून गेली. दारातून सौंदर्याने विचारलं, सगळं नीट पार पडलं का. "पडलं," सीतालक्ष्मी तमिळमध्ये म्हणाली आणि दार लावून घेतलं. दुपारी सवयीने पाटा धुतला, त्यावर खोबरं आणि मिरची ठेवली, आणि हात खिडकीकडे गेला. खिडकीत काही नव्हतं. तिने खोबरं पुन्हा वाटीत भरलं आणि ताकभात जेवली.

रविवारी फोन आला नाही. नवी नवरी, घर लावायचं, नोकरी, आठवण कुठून राहणार, असं तिने दिवसभर स्वतःला समजावलं, आणि दिवसभर फोन पदराला बांधल्यासारखा बरोबर घेऊन हिंडली. पुढच्या रविवारीही सकाळ गेली, दुपार गेली. वरवंटा दिला याचं दुःख नव्हतं तिला. तो कुठेतरी माळ्यावर खोक्यात पडला असेल, या विचाराने जीव तुटत होता. संध्याकाळी तिने दिवा लावला, देवापुढे पुटपुटली, आणि फोन वाजला.

"अत्तैपाट्टी! मागच्या रविवारी विसरलो मी... विसरली... विसरले?"

"विसरलें," सीतालक्ष्मी म्हणाली. "आहे कोठें तो?"

"इथेच की, माझ्या हातात. रोज चहाला आलं ठेचते त्यानं. एकदम मस्त!"

आलं! पेटी नाही, दिवा नाही, पितळेची पाटी नाही. आलं ठेचत होती पोरगी. सीतालक्ष्मीला हसू आलं आणि डोळेही भरले. मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "ठेचतेंस कशावर? खालीं काय?"

"ओट्यावरच. ग्रॅनाइट आहे म्हणे."

"ग्रॅनाइट म्हणतात मेले सगळ्यालाच. पाणी ओत त्याच्यावर. ओत, ओत. आतां वाकून बघ आणि सांग मला, रेघा सरळ आहेंत का वाकड्या?"

पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला, भांडं सरकल्याचा आवाज आला. सीतालक्ष्मी उभ्या उभ्याच कान देऊन ऐकत होती.

"वाकड्या," श्रीविद्या हळूच म्हणाली. "अत्तैपाट्टी, इथेपण वाकड्या आहेत. आणि एक पांढरी, आडवी."

सीतालक्ष्मीने पायाने खुर्ची ओढली आणि फोन कानाला धरून बसली. "मग सांग," ती म्हणाली, "आधीं कोण?"